“किती बिलो टाकू?” नाशिकमध्ये पहिलं सरकारी टेंडर भरणाऱ्यांसाठी

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, दोन वर्षं पाथर्डी फाट्याजवळ एका बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर होता, आता स्वतःचं काहीतरी करायचं म्हणतोय. चिवड्याची वाटी हातात घ्यायच्या आधीच त्याचा प्रश्न आला, “मामा, वीस लाखांचं गटार आणि फुटपाथचं काम निघालंय. किती बिलो टाकू?”

“टेंडर वाचलंस का?”

“नोटीस वाचली ना.”

नोटीस दोन पानांची होती. टेंडर एकशे चाळीस पानांचं.

अगदीच नवख्यांसाठी सांगतो. सरकारी कार्यालय कामाचा अंदाजित खर्च आधी ठरवून छापतं आणि ठेकेदार त्यापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करणार ते भरतो. कमी म्हणजे बिलो, जास्त म्हणजे अबव्ह, तेवढंच असेल तर ॲट पार. टपरीवर दोन ठेकेदार भेटले की “काय गेलं रे ते काम?” “बावीस बिलो गेलं” यावरूनच बोलणं सुरू होतं. त्यामुळे नव्या पोराला वाटतं, धंदा म्हणजे हा एक आकडा. खरं तर तो आकडा सगळ्यात शेवटी भरायचा असतो. त्याआधी काय बघायचं, काय जमवायचं, काय मोजायचं हे त्याला रात्री अकरापर्यंत सांगत बसलो. तेच इथे लिहून काढलंय.

आधी गिऱ्हाईक ओळखा

सरकारी काम म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांसमोर शरणपूर रोडवरचं राजीव गांधी भवन येतं. महापालिका १९८२ सालची. तिचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक आणि नाशिकरोड. बांधकाम खातं सगळ्यांना माहीत असतं, पण पाणीपुरवठा, भुयारी गटार, विद्युत, उद्यान, घनकचरा ही खातीही आपापली टेंडरं काढतात. बांधकामाला वीस जण भरतात तेव्हा उद्यानाच्या कुंपणाला चारच भरतात, असंही दिसतं.

शहराबाहेर जिल्हा परिषद, पंधरा तालुक्यांच्या पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती. सिन्नर, येवला, मनमाड, इगतपुरी, त्र्यंबक, भगूर इथे नगरपरिषदा. मालेगावला स्वतंत्र महापालिका. प्रत्येकाची तिजोरी वेगळी आणि कायदाही वेगळा: महापालिकेला १९४९ चा अधिनियम, नगरपरिषदेला १९६५ चा, जिल्हा परिषदेला १९६१ चा, ग्रामपंचायतीला १९५९ चा. हे कलम न कलम पाठ करायची गरज नाही, पण मंजुरी कोणाच्या सहीने मिळते हे त्यावरून ठरतं, म्हणून आपण कोणाच्या दारात उभे आहोत ते ठाऊक असलेलं बरं.

भाच्यासारख्या पदविका किंवा पदवीवाल्यांना एक सोपी वाट आहे आणि बरेच जण ती चुकवतात. सार्वजनिक बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करता येते. छोट्या कामांमध्ये या अभियंत्यांसाठी आणि मजूर सहकारी संस्थांसाठी वाटा राखून ठेवलेला असतो आणि जिल्हा परिषदेत काम वाटप समितीमार्फत ही कामं दिली जातात. एखाद्या वाडीवरच्या अंगणवाडीची दुरुस्ती, संरक्षक भिंत असली ती कामं. पैसा फार नाही, पण पहिला अनुभव दाखला तिथून मिळतो. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हे त्रांगडं सोडवायचा मला तरी यापेक्षा सरळ मार्ग माहीत नाही.

आणि कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण यांच्या मोठमोठ्या निविदा ऐकून नवा माणूस हुरळतो. त्या टेंडरांच्या पात्रतेची अट वाचली की हुरळणं संपतं. मग कोणीतरी म्हणतं, “आमच्याकडे काम मिळालंय, तुम्ही तुकडा करा.” करा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. पोटठेका लेखी परवानगीशिवाय दिलेला चालत नाही, आणि कार्यालयाच्या कागदावर तुमचं नाव कुठेच नसल्याने अनुभव दाखला मूळ ठेकेदाराचा. तुमच्या हातात राहतात फक्त मजुरांचे फोन.

काम टेंडरपर्यंत येतं कसं

इंदिरानगरच्या एखाद्या कॉलनीत गटार हवंय असं समजा. शाखा अभियंता मोजमाप घेतो, राज्य दरसूचीतले दर लावून इस्टिमेट करतो. मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, लेखा विभागाकडून निधीची नोंद, आणि मग टेंडर. दर आल्यावर ठराविक रकमेपुढची कामं स्थायी समितीपुढे जातात. स्थायी समिती सोळा जणांची. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतरच्या प्रशासकीय काळात हे अधिकार प्रशासकाकडे होते.

यात ठेकेदाराने बघायची एकच गोष्ट सांगायची तर लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातला त्या खर्चाचा रकाना, बघा. काम कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे आणि यंदाच्या अंदाजपत्रकात त्यावर किती तरतूद आहे? काम वीस लाखांचं आणि तरतूद पाच लाखांची असेल तर काम पुरं झाल्यावर बिलासाठी पुढच्या अंदाजपत्रकाची वाट बघायची तयारी ठेवा. अंदाजपत्रक सार्वजनिक कागद आहे, ते वाचायला कोणाची ओळख लागत नाही. तरी शंभरातले नव्वद ठेकेदार ते उघडत नाहीत.

ई-निविदेची मर्यादा २०१४ मध्ये ३ लाखांवर होती, नंतर ती १० लाखांपर्यंत वाढवली गेली. त्याखालची खरेदी दरपत्रकं मागवून होते, त्याला आपण कोटेशन म्हणतो. मर्यादेखाली बसावं म्हणून एका कामाचे तुकडे पाडायला मनाई आहे. असे तुकडे पाडलेलं काम तुमच्याकडे आलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि अडकतं ते तुमचंच बिल.

कागदांची पिशवी

पॅन, जीएसटी, व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ठेकेदार नोंदणी, सीएचा उलाढालीचा दाखला (त्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखल्याचा ओळख क्रमांक, हवाच), केलेल्या कामांचे दाखले, हाती असलेल्या कामांची यादी, प्रतिज्ञापत्र. आणि डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, म्हणजे डीएससी, क्लास ३ चं, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेलं. एकदा बसून सगळं स्कॅन करा, प्रत्येक फाइलला नीट नाव द्या.

निविदा बाद होतात त्या मोठ्या कारणांनी क्वचितच. पॅनवर ‘कन्स्ट्रक्शन’ आणि जीएसटीवर ‘कन्स्ट्रक्शन्स’, प्रतिज्ञापत्रावर दुसऱ्याच कामाचं नाव राहिलेलं, नोंदणीची मुदत टेंडरच्या आदल्या आठवड्यात संपलेली. नोंदणी ज्या वर्गाची आहे त्या वर्गाच्या मर्यादेतच काम भरता येतं, हेही बघून घ्या.

‘उद्यम’ नोंदणीबद्दल मोठा गैरसमज आहे. माल आणि सेवा पुरवठ्यात सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाणा रकमेतून, म्हणजे ईएमडीतून, सूट मिळते, म्हणून लोक बांधकामाच्या टेंडरलाही उद्यम प्रमाणपत्र जोडतात आणि ईएमडी भरतच नाहीत. त्या टेंडरमध्ये सूट लिहिलेली असेल तरच ती मिळते. नसेल तर लिफाफा क्रमांक एकमध्येच, म्हणजे कागद तपासतानाच, तुमचा विषय संपला.

टेंडर शेवटाकडून वाचा

माझी सवय अशी: आधी विशेष अटी, मग देयकाच्या अटी, मग कामांची बाबनिहाय यादी, आणि शेवटी नोटीस. बी-१ नमुना आहे की बी-२, ते बघा. बी-१ मध्ये सगळ्या इस्टिमेटवर एकच टक्का भरायचा, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीला वेगळा दर. मग दोष दायित्व कालावधी (काम संपल्यावर दुरुस्ती आपल्या खर्चाने करायची मुदत) किती वर्षांचा, दिरंगाईचा दंड दिवसाला किती, मुदतीत पावसाळा धरलाय की वेगळा, भाववाढ मिळणार की नाही, चाचण्या कोणाच्या खर्चाने आणि कुठल्या प्रयोगशाळेत. पेन घेऊन बसा. प्रश्न निघाले तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तोंडी मिळालेल्या उत्तराला किंमत नाही, ते देणारे अभियंता रावसाहेब कितीही सज्जन असोत.

मग साइटवर जा. भाच्याला घेऊन मी गेलो होतो. यादीत खोदाई ‘मऊ मुरूम’ म्हणून धरली होती. शेजारच्या प्लॉटमध्ये एकाने बंगल्याच्या पायासाठी खड्डा घेतला होता, तिथे डोकावलो. जेमतेम तीन फुटांवर काळा पाषाण. नाशिकची जमीन बेसाल्टची, वर मुरमाचा पातळ थर दिसतो म्हणून फसायचं नाही. खडक फोडायचा ब्रेकर लावावा लागला तर खोदाईचा खर्च कुठल्या कुठे जातो, आणि बी-१ मध्ये तुम्ही दिलेला बिलो त्याही बाबीला लागतो. कठीण खडकाची बाब यादीत आहे का, नसेल तर जादा बाब म्हणून मंजुरी कशी मिळते, हे काम घेण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत.

आता बिलो

भाचा अठरा टक्के म्हणत होता. “सगळे तेवढंच टाकतात.” कागद घेतला आणि त्याला हिशेब मांडून दाखवला.

इस्टिमेट २० लाख. अठरा बिलो म्हणजे १६ लाख ४० हजार. फार कमी दराने काम घेऊन ठेकेदार मध्येच पळू नये म्हणून जादा सुरक्षा अनामत मागतात. सार्वजनिक बांधकाम विभागाने २०१८ मध्ये घालून दिलेली पायरी अशी: दहा टक्के बिलोपर्यंत १ टक्का. दहाच्या पुढे पंधरापर्यंत, दहाच्या वर जेवढे टक्के तेवढी आणखी भर. पंधराच्या पुढच्या प्रत्येक टक्क्याला दुप्पट. टेंडरागणिक हा कोष्टक वेगळा असू शकतो, तुमच्या टेंडरात छापलेला असेल तोच धरा. या पायरीने पंधरा बिलोला १ अधिक ५, म्हणजे ६ टक्के, १ लाख २० हजार. अठरा बिलोला १ अधिक ५ अधिक ६, म्हणजे १२ टक्के, २ लाख ४० हजार. तीन टक्के जास्त उतरून त्याने दर ६० हजारांनी कमी केला आणि अडकणारी रक्कम १ लाख २० हजारांनी वाढवली.

याशिवाय नेहमीची सुरक्षा अनामत, समजा ४ टक्के. ती धरून तीन लाखांच्या वर रक्कम नुसती पडून राहणार. ईएमडी वेगळी.

मग बिलातून काय कापलं जातं ते. आयकराचा टीडीएस, एकट्याच्या नावावर धंदा असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. करार अडीच लाखांपुढचा असेल तर जीएसटीचा टीडीएस २ टक्के. हे दोन्ही पैसे जात नाहीत, पुढे वळते होतात, पण हातात येत नाहीत. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का मात्र गेला तो गेला. विमा तुमचा. वाळू, खडी, मुरमाच्या रॉयल्टीच्या पावत्या जोडल्या नाहीत तर ब्रासला (शंभर घनफुटांना) ६०० रुपयांप्रमाणे बिलातून वजावट होते. खडी क्रशरवरून घेताना पावती मागायची लाज वाटते नव्या माणसाला. चाळीस ब्रास खडीचे चोवीस हजार कापले गेले की वाटेनाशी होते.

जीएसटी १८ टक्के. जुलै २०२२ आधी सरकारी बांधकामाला १२ होता, त्यामुळे जुनी टेंडरं समोर ठेवून दर काढू नका. छापलेली रक्कम जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा, हे न बघता दर टाकलेला माणूस मी पाहिलाय. त्याने ते काम पूर्ण केलं, पण त्यानंतर महापालिकेच्या पायऱ्या चढला नाही.

एवढं मांडल्यावर भाच्याला म्हटलं, आता सिमेंट, सळई, खडी, मजुरी, ब्रेकर, ट्रॅक्टर याचे आजचे भाव लिहून प्रत्येक बाबीचा तुझा खरा खर्च काढ. त्यावर किमान दहा टक्के ठेव. जो आकडा येईल तो इस्टिमेटच्या किती खाली आहे, तोच तुझा बिलो. त्याचा आला सात पूर्णांक काहीतरी. तोंड पडलं त्याचं. “मामा, सातला काम मिळणारच नाही.” नाही मिळालं तर नाही मिळालं. घरातल्या घरात दिवाळी तरी नीट जाईल.

पोर्टलवरचे शेवटचे दोन दिवस

राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर सगळं होतं. खातं उघडायचं, डीएससी जोडायची, नेहमीचे कागद आधीच चढवून ठेवायचे. टेंडर फी आणि ईएमडी ऑनलाइन. इथे माझी स्वतःची कहाणी. सुरुवातीच्या वर्षात मी शेवटच्या दिवशी दुपारी बँकेतून आरटीजीएस केलं. बँक म्हणाली गेले, पोर्टल म्हणालं आले नाहीत, आणि तीन वाजता टेंडर बंद झालं. पैसे आठवड्याने परत आले, टेंडर आलं नाही. दोन दिवस आधी भरा.

दराची फाइल एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची. तिचं नाव बदलायचं नाही, रकाने हलवायचे नाहीत, फक्त मोकळ्या रंगीत चौकटीत भरायचं. बी-१ च्या फाइलमध्ये एक छोटी यादी उघडते, तीत ‘एक्सेस’ आणि ‘लेस’ असे दोन पर्याय असतात. सात टक्के बिलो टाकायचं म्हणून ७ लिहिलं आणि यादीत एक्सेस राहिलं, तर तुम्ही सात टक्के जास्त मागितलेत. खाली अक्षरी रक्कम आपोआप येते, ती मोठ्याने वाचा. शेजारी बसलेल्या माणसाला वाचायला सांगा.

सगळं चढवल्यावर ‘फ्रीझ’चं बटण दाबलं आणि पोच पावती आली तरच निविदा दाखल झाली. कागद चढवून, संगणक बंद करून, निश्चिंत झोपलेले लोक दर महिन्याला सापडतात. मुदतीपर्यंत दर बदलून पुन्हा दाखल करता येतं. पण निविदा मागे घेण्याचं बटण दाबलंत तर त्या टेंडरमध्ये परत येता येत नाही. आणि शुद्धिपत्रक. शेवटच्या दिवशी सकाळी पोर्टल उघडून एकदा बघाच, यादीतली बाब किंवा मुदत बदललेली असते.

लिफाफे उघडल्यानंतर

आधी तांत्रिक लिफाफा, त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक. पहिल्या वेळेस तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर सहसा मुदतवाढ किंवा फेरनिविदा. सगळ्यात कमी दराचा तो एल-१, वाटाघाटी करायच्याच असतील तर फक्त त्याच्याशी. निकाल पोर्टलवर दिसतो. अपात्र ठरलात तर कारण लेखी मागा, लगेच, काम दुसऱ्याला देण्याआधी. महिनाभराने माहिती अधिकारात मागितलेलं कारण फक्त ज्ञानात भर घालतं.

काम मिळालं तर स्वीकृतीपत्र येतं, ठरल्या दिवसांत अनामत भरायची, मुद्रांकावर करारनामा करायचा, मग कार्यारंभ आदेश. वर्क ऑर्डर हातात येण्याआधी “साहेब म्हणाले सुरू करा” म्हणून खोदाई सुरू करू नका. कागद नाही म्हणजे काम नाही.

सेवेचं टेंडर वेगळं असतं

सफाई, सुरक्षा रक्षक, संगणक चालक, वाहनं, उद्यानांची देखभाल ही सगळी सेवा खरेदी. त्यातली बरीच खरेदी आता जेम या सरकारी बाजारपेठेवरूनही होते. सल्लागार नेमताना नुसता कमी दर बघत नाहीत, गुणवत्तेला आणि दराला वेगवेगळे गुण देऊन बेरीज करतात.

सेवेत पैसे कशावर मोजणार हे आधी शोधा. नाशिककराला रोज दिसणारं उदाहरण म्हणजे सिटीलिंकची बस. जुलै २०२१ पासून धावतेय. तिथे ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरवर पैसे, तिकिटाचं उत्पन्न महापालिकेच्या परिवहन महामंडळाचं. बस रिकामी गेली म्हणून ठेकेदाराचं नुकसान नाही, पण फेरी चुकली तर आहे. कचऱ्याच्या कामात कुठे टनावर मोजतात, कुठे फेरीवर, कुठे घरांवर, आणि प्रत्येक पद्धतीत माणूस वेगळं वागतो. टनावर पैसे असतील तर ओला कचरा प्रिय होतो. घंटागाडीच्या ठेक्याचं मोठं पुस्तक उघडलंत तर दंडाचं पान आधी काढा: गाडी आली नाही, उशिरा आली, जीपीएस बंद, कचरा वेगळा घेतला नाही, प्रत्येकाला वेगळा दंड. दर भरताना तो दंड होणार असं धरूनच भरा.

मनुष्यबळाच्या टेंडरमध्ये किमान वेतन, त्यावर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के, गणवेश, रजेचे बदली कामगार, हे सगळं ठरलेलंच असतं. चढाओढ राहते ती सेवा शुल्कावर. तिथे कोणी जवळजवळ शून्य भरतं. तो माणूस दानधर्म करायला आलेला नाही, तो कामगाराच्या पगारातून काढणार आहे. तुम्ही तसं करू नका. पगार तीन महिने थकवला की कामगार गेटवर बसतात, आणि बिल निघायच्या आधी तुमचं नाव पेपरात निघतं. कार्यालयाकडून बिल दोन-तीन महिने उशिरा येणार आणि पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागणार. तेवढं खेळतं भांडवल नसेल तर सेवेच्या वाटेला जाऊ नका.

एमबी

मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी. तुम्ही काम कसं केलंत याला महत्त्व आहेच, पण पैसे एमबीत लिहिलेल्याचे मिळतात.

माझं दुसरंच काम होतं, फुटपाथचं. खाली चार इंच पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), वर वाळूचा थर, वर पेव्हर ब्लॉक. पाऊस तोंडावर आलेला. अभियंता दुसऱ्या साइटवर अडकला, फोनवर म्हणाला उद्या येतो. मी म्हटलं, थांबायचं कशाला, आणि संध्याकाळपर्यंत ब्लॉक बसवून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, पीसीसी कुठंय? ब्लॉकखाली. मोजू कसा? चार ठिकाणी ब्लॉक उचकटले, तीन ठिकाणी चार इंच भरलं, एका ठिकाणी तीन. त्याने सगळीकडे तीन धरलं. बरोबरच होतं त्याचं. एका इंचाचं काँक्रीट मी नाशिककरांना फुकट दिलं, आजही त्या रस्त्याने जाताना पायाखाली बघतो.

तेव्हापासून नियम: जे झाकलं जाणार आहे ते मोजल्याशिवाय झाकायचं नाही. पाया, सळई, पाइपखालचं बेडिंग. टेप लावून, तारीख-ठिकाण उमटेल असा फोटो काढायचा, अभियंत्याला त्याच दिवशी पाठवायचा. काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब भरताना स्वतः उभं राहायचं आणि त्यावर तारीख कोरायची. डांबराचं काम असेल तर पावसाआधीचे आठवडे डोळ्यांपुढे ठेवून बेत करायचा, जूनमध्ये ढग दाटले की तुमचं काही चालत नाही. उशीर तुमच्यामुळे झाला नसेल, म्हणजे जलवाहिनी हलवली नाही, अतिक्रमण निघालं नाही, तर मुदतवाढीचा अर्ज अडचण आली त्याच दिवशी आवक क्रमांकासह द्या.

बिल मग शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता असं फिरत लेखा विभागात जातं. अभियंत्याला रावसाहेब म्हणायचं, क्लार्कला भाऊसाहेब, आणि दोघांकडेही बिलाचा आवक क्रमांक विचारायचा. मार्चअखेर सगळ्यांची बिलं एकदम येतात. फेब्रुवारीत गेलेलं बिल आणि २५ मार्चला गेलेलं बिल यांच्यात कधीकधी एका वर्षाचं अंतर पडतं.

दोन गोष्टी, कुजबुजून सांगतात त्या

पहिली, रिंग. चार जण ठरवतात, हे काम तुझं, ते माझं, बाकीच्यांनी वरचे दर टाकायचे. नव्या माणसाला फोन येतो, “यावेळी तू थांब, पुढचं तुला.” संगनमताने निविदा भरणं २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली बेकायदा आहे. काळ्या यादीत नाव गेलं तर नोंदणीच संपते. एकाच संगणकावरून तीन निविदा भरल्याचं पोर्टलवरच्या नोंदीत दिसतं, हेही थांबायला सांगणाऱ्याला सांगून बघा.

दुसरी, टक्केवारी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केल्यास संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. मला माहीत आहे, हे वाचून कितीजण हसतील. पण नव्या माणसाने दर काढतानाच “वरचे” म्हणून तीन-चार टक्के धरायला सुरुवात केली की पुढे ते द्यायची सवय लागते, आणि तेवढे टक्के तो सिमेंटमधून काढतो.

अनामत परत

काम संपलं की त्याच आठवड्यात तीन अर्ज द्या: काम पूर्णत्वाचा दाखला, अनुभव दाखला, आणि जादा सुरक्षा अनामत परत मिळण्याचा. अभियंत्याची बदली झाली की अनुभव दाखला मिळवताना घाम फुटतो. नेहमीची अनामत दोष दायित्व कालावधी संपल्यावर मिळते, पण आपोआप नाही, मागावी लागते. त्याआधी पावसाळ्यानंतर स्वतः एक चक्कर मारा, खचलेला ब्लॉक, फुटलेलं झाकण नीट करा आणि फोटो ठेवा. अनामत मुदत ठेवीच्या पावतीने दिली असेल तर पावतीची मुदत संपण्याच्या तारखा डायरीत लिहून ठेवा. माझ्या एका पावतीची मुदत संपून दोन वर्षं झाली होती आणि ती कार्यालयाच्या कपाटात होती.

भाच्याने शेवटी साडेसात बिलो टाकला. सहावा आला. काम एकवीस बिलोला गेलं, आणि परवा तिथून जाताना बघितलं, रस्त्याच्या कडेला ब्रेकर उभा होता.